केबल असताना वाय-फायला मज्जाव : विंडोजमधील एका सेटिंगचे परीक्षण

आमच्या सनदी लेखापाल कार्यालयात 14 डेस्कटॉप आहेत आणि त्यांची देखभाल माझ्याकडे आहे. मार्चअखेरच्या धांदलीत एका संगणकावर ‘आयपीकॉन्फिग’ ही नेटवर्कवरचे पत्ते दाखवणारी आज्ञा दिली, तेव्हा दोन पत्ते दिसले: एक कार्यालयाच्या नेटवर्कचा आणि दुसरा 192.168.43 ने सुरू होणारा, म्हणजे टेबलावरच्या अँड्रॉइड फोनच्या हॉटस्पॉटचा. फायरवॉलने, म्हणजे नेटवर्कच्या ये-जा वर पहारा ठेवणाऱ्या यंत्रणेने, अडवलेले एक संकेतस्थळ पाहण्यासाठी सहकाऱ्याने तो जोडला होता. हेतू वाईट नव्हता. पण ज्या यंत्रात शेकडो करदात्यांची विवरणपत्रे आहेत, त्याला फायरवॉलच्या नजरेआड दुसरी वाट फुटली होती. अशा यंत्रात घातक प्रोग्रॅम शिरला किंवा कुणी दोन्ही जोडण्यांचा ‘ब्रिज’ केला, म्हणजे त्या एकमेकींना जोडल्या, तर बाहेरच्या माणसाला त्या यंत्रातून आतल्या सर्व्हरपर्यंत पोहोचता येते.

त्यानंतर सर्व यंत्रांवर ग्रुप पॉलिसीतील (संगणकांचे नियम ठरवण्याच्या विंडोजमधील सोयीतील) एक सेटिंग लागू केले. ‘नेटवर्क’ विभागातील ‘विंडोज कनेक्शन मॅनेजर’मध्ये ‘मिनिमाइझ द नंबर ऑफ सायमल्टेनियस कनेक्शन्स’ या शब्दांनी सुरू होणारे हे सेटिंग असून त्याला 0 ते 3 अशी मूल्ये देता येतात. मूळ मूल्य 1 असते आणि ते आपोआप होणाऱ्या जादा जोडण्या टाळते, परंतु वापरणाऱ्याने स्वतः वाय-फाय निवडल्यास त्याला अडवत नाही. आमच्या कामाचे मूल्य 3 हेच आहे, कारण ईथरनेटची, म्हणजे तारेच्या नेटवर्कची, केबल जोडलेली असेपर्यंत ते हाताने केलेली वाय-फाय जोडणीही होऊ देत नाही. विंडोज 10 च्या 1903 या आवृत्तीपासून हे मूल्य उपलब्ध आहे.

सहा महिन्यांच्या वापरानंतर मी याबाबत समाधानी आहे. केबल काढली की वाय-फाय मिळते आणि केबल लावली की ते सुटते, त्यामुळे कामाचा खोळंबा होत नाही. मात्र चालू असलेली देवाणघेवाण ओसरेपर्यंत विंडोज जुनी जोडणी टिकवून ठेवते. ती तत्काळ तुटावी असे वाटत असेल, तर त्याच ठिकाणचे ‘सॉफ्ट-डिस्कनेक्ट’ हे सेटिंग निष्क्रिय करावे, आणि माझ्या मते ते करावेच.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटर नसतो. त्याहून गंभीर बाब अशी, की फोन यूएसबी केबलने जोडून इंटरनेट घेतले, तर विंडोजला ती जोडणी ईथरनेटसारखीच दिसते आणि हा पहारा तिला लागू पडत नाही. त्यासाठी नव्या यूएसबी उपकरणांच्या इन्स्टॉलेशनवर वेगळे निर्बंध घालावे लागतात. ज्या डेस्कटॉपला वाय-फायची कधीच गरज नसते, त्यांच्यासाठी हे सेटिंगही मला पुरेसे वाटत नाही. आमच्याकडे अशी पाच यंत्रे होती. त्यांची वाय-फाय कार्डे बायोसमधूनच (विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ प्रोग्रॅममधूनच) बंद करून बायोसला पासवर्ड लावला आहे.