घरातल्या घरात रिमोट डेस्कटॉप : आठ महिने वापरल्यानंतर

ताकदवान डेस्कटॉप आतल्या खोलीत. तिथे त्याच्या पंख्यांची घरघर आणि उकाडा. मला मात्र काम करायचं असतं बाहेरच्या खोलीत, मांडीवर हलका लॅपटॉप घेऊन. एवढ्याचसाठी रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे एका संगणकासमोर बसून दुसरा चालवण्याचा, हा उद्योग सुरू केला. घरात चार यंत्रं आहेत : विंडोज ११ प्रोचा डेस्कटॉप, विंडोज ११ होमचा माझा लॅपटॉप, बाबांचा लॅपटॉप (तोही होम) आणि जिन्याखाली मॉनिटरशिवाय पडून असलेला एक जुना लिनक्सचा डबा, ज्याच्यावर सगळ्यांचा बॅकअप जातो.

होम आणि प्रो यांतला फरक आधीच सांगून टाकतो. आरडीपीने (विंडोजची स्वतःची रिमोट डेस्कटॉप पद्धत) ज्या संगणकात शिरायचं, तो प्रो किंवा त्याच्या वरच्या आवृत्तीचा लागतो. ज्याच्यावरून शिरायचं, तो होम असला तरी चालतो. माझ्याकडे सुदैवाने उलटी मांडणी नव्हती. सेटिंग्जमध्ये जाऊन रिमोट डेस्कटॉपचं बटण सरकवलं, लॅपटॉपवर एमएसटीएससी (जोडणी करून देणारा विंडोजमधला प्रोग्राम) चालवलं, डेस्कटॉपचं नाव टाकलं आणि लॉगिन फसलं. एकदा नाही, सात-आठ वेळा.

रोज पिन टाकून आत जायची सवय नडली. आरडीपीला तो पिन चालत नाही, खात्याचा पासवर्ड लागतो. त्यात खातं ऑनलाइन असेल आणि त्या यंत्रावर ते कायम पिननेच उघडलेलं असेल, तर बरोबर पासवर्डसुद्धा नाकारला जाऊ शकतो. डेस्कटॉपसमोर बसून एकदा मुद्दाम पासवर्डने लॉगिन केलं, तेव्हा कुठे दार उघडलं. स्थानिक खात्याला पासवर्डच ठेवलेला नसेल, तर विंडोज बाहेरून कोणाला आत घेतच नाही. ते बरंच आहे म्हणा.

जोडणी झाल्यावर पहिले काही दिवस टायपिंग अडखळत होतं. अक्षरं थांबून थांबून, मग एकदम चार. दोन्ही यंत्रं वायफायवर होती, म्हणजे प्रत्येक गोष्ट लॅपटॉपकडून राउटरकडे आणि राउटरकडून डेस्कटॉपकडे अशी एकाच हवेतून दोनदा जात होती. डेस्कटॉपला केबल लावली आणि निम्म्याहून अधिक तक्रार तिथेच मिटली. आता लिहिणं, हिशेबाची पानं, कोड, फोटोंची किरकोळ कामं करताना आपण दुसऱ्या यंत्रावर आहोत हे विसरायला होतं. अक्षरं स्वच्छ दिसतात, आवाज लॅपटॉपमधून येतो, इथे कॉपी केलेलं तिथे पेस्ट होतं. व्हिडिओ संपादनाला मात्र मी उठून आत जातो. आरडीपी साधारणपणे सेकंदाला ३० चौकटींच्या (फ्रेम) वर जात नाही, आणि कापाकापी करताना ते बोचतं.

खरा छळ केला तो झोपेने. लॅपटॉप उघडावा, तर डेस्कटॉप झोपलेला. झोपलेल्या संगणकाला आरडीपी उठवत नाही. आतल्या खोलीत जाऊन बटण दाबायचं असेल तर मग हा खटाटोप कशाला? यावरचा उपाय म्हणजे वेक ऑन लॅन. नेटवर्कवरून एक ‘मॅजिक पॅकेट’ पाठवायचं. आधी सहा बाइट सगळे एफएफ, मग त्या यंत्राचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) सोळा वेळा, एकूण १०२ बाइट. यंत्र झोपलं तरी नेटवर्क कार्ड जागं असतं, ते स्वतःचा पत्ता ओळखतं आणि मालकाला उठवतं. कागदावर इतकं सोपं. प्रत्यक्षात बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारा संगणकाचा मूळ प्रोग्राम) एक सेटिंग, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये दुसरं, आणि फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करणारी सोय) बंद करणं हे तिसरं. ते चालू असलं की ‘शट डाउन’ केलेला पीसी बहुधा उठत नाही.

एवढं करून झोपलो, तर रात्री दोन वाजता आतल्या खोलीतून पंख्यांचा आवाज. ‘फक्त मॅजिक पॅकेटनेच जागं व्हावं’ ही खूण करायची राहिली होती, त्यामुळे नेटवर्कवर जरा काही हललं की साहेब ताडकन उठून बसत. ती खूण केल्यावर रात्री शांत झाल्या. मग पुढचं कोडं. पॅकेट पाठवून यंत्र उठवावं, आपण पाणी पिऊन यावं, तोवर ते पुन्हा झोपलेलं! समोर कोणी नसताना जागा झालेला विंडोज संगणक मूळ सेटिंगनुसार दोन मिनिटांत परत झोपतो. आता उठवलं की लगेच लॉगिन करतो, पाणी नंतर.

पत्त्याचं काम त्यामानाने पटकन आटोपलं. राउटरमध्ये डेस्कटॉपच्या मॅक पत्त्याला कायमचा आयपी (घरातल्या नेटवर्कवरचा पत्ता) बांधून दिला. त्याआधी राउटर पुन्हा सुरू झाला की नवा पत्ता मिळायचा आणि जतन केलेली जोडणी भलत्याच यंत्राचं दार ठोठवायची. एकदा तर काहीच दिसेना, तेव्हा कळलं की लॅपटॉप पाहुण्यांसाठीच्या वायफायवर आहे. ते वायफाय बहुतेक राउटरांत बाकीच्या घरापासून तोडलेलंच असतं.

एक फजिती सांगतोच. बहीण डेस्कटॉपवर माझ्याच खात्यातून अर्ज लिहीत बसली होती. मला पत्ता नाही. मी बाहेरून जोडणी केली. आतून हाक आली, “दादा, स्क्रीन गेला रे!” आणि तिचा अर्धा अर्ज माझ्या मांडीवर उघडा. हरवलं काहीच नाही, पण त्या दिवशी आरडीपीचा स्वभाव समजला. ते खुर्चीत बसतं. समोर कोणी असेल तर त्याला उठवून बसतं, कारण साध्या विंडोजमध्ये एका वेळी एकच जण. बहिणीला लगोलग वेगळं खातं करून दिलं. आता मी मध्येच आलो तर आधी तिला विचारलं जातं, आणि ती नाही म्हणते.

बाबांना मदत करायला म्हणूनच हे उपयोगाचं नाही. त्यांना स्वतःच्या स्क्रीनवर बाण हलताना दिसायला हवा. तिथे खांद्यावरून डोकावणारं व्हीएनसी (समोरचा पडदा दोघांनाही दाखवणारी दुसरी पद्धत) लागतं, आणि ते होमवरही चालतं. मात्र जुन्या पद्धतीच्या व्हीएनसीत पासवर्डाची पहिली आठच अक्षरं मोजली जातात. मी चांगला लांबलचक ठेवला होता. एके दिवशी शेपटीत चूक होऊनही आत शिरलो, तेव्हा डोळे उघडले. शिवाय त्यातली देवाणघेवाण बऱ्याचदा कूटबद्ध नसते. आता मदतीपुरतं सुरू करायचं आणि काम झालं की बंद, असा बाबांशी करार आहे.

लिनक्सच्या डब्यावर एक्सआरडीपी (लिनक्समध्ये आरडीपीने शिरू देणारा प्रोग्राम) टाकलं, जोडलं, आणि काळा पडदा. एक अख्खा रविवार ग्राफिक्सला शिव्या दिल्या. कारण भलतंच निघालं : डबा सुरू होताच माझ्या नावाने आपोआप लॉगिन होत होता आणि त्याच नावाने दुसरं सत्र नीट उभं राहत नव्हतं. ऑटो लॉगिन काढलं, पडदा उजळला. आरडीपी स्वतःचा आभासी पडदा तयार करतं, म्हणून मॉनिटर नसला तरी अडत नाही.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. भाषा बदलायला मी विंडोज आणि स्पेस दाबतो. जोडणी खिडकीत उघडलेली असेल तर ती कळ लॅपटॉपच खातो आणि पलीकडे इंग्रजीच उमटत राहतं. मूळ सेटिंग ‘फक्त पूर्ण पडद्यावर असताना’ असं असतं. ते जोडणीच्या सेटिंग्जमधल्या लोकल रिसोर्सेसमध्ये बदलता येतं. कंट्रोल-आल्ट-डिलीटऐवजी तिथे कंट्रोल-आल्ट-एंड.

घराबाहेरून जोडायचा मोह मलाही झाला होता. राउटरमध्ये ३३८९ पोर्ट (आरडीपीचं ठरलेलं दार) उघडा, झालं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते करू नका. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाचं भोक उघड झालं, तेव्हा जुन्या विंडोजमध्ये पासवर्डाशिवाय आरडीपीतून शिरता येत होतं, आणि सपोर्ट कधीच संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली होती. मी लिनक्सच्या डब्यावर वायरगार्ड (बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंत कूटबद्ध बोगदा करणारं व्हीपीएन) बसवलं. आधी त्या बोगद्यातून घरात यायचं, मग नेहमीसारखं आरडीपी. बाहेरून डेस्कटॉपला उठवणारं पॅकेटही तोच डबा पाठवतो.

एक दुखणं अजून तसंच आहे. डेस्कटॉपला दोन मॉनिटर, लॅपटॉपला एक. दिवसभर बाहेर काम करून रात्री आत जाऊन बसलो की सगळ्या खिडक्या डावीकडच्या मॉनिटरवर एकमेकींच्या अंगावर पडलेल्या असतात. तीन उपाय करून पाहिले. रोज हातानेच ओढून लावतो.