१०० मिमी मॅक्रो लेन्स : पावसाळ्यापासून थंडीपर्यंतच्या वापरानंतर

मॅक्रो लेन्सच्या, म्हणजे अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणाऱ्या लेन्सच्या, खोक्यावर १:१ हा आकडा ठळक छापलेला असतो आणि बहुतेक जण त्याच्याकडे पाहूनच पैसे मोजतात. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून थंडी सरेपर्यंत मुळशी आणि ताम्हिणीच्या परिसरात १०० मिमी, एफ/२.८ ची लेन्स एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की, फुलपाखरे आणि चतुर यांच्यासाठी या आकड्याची गरज क्वचितच पडते. आणि भुंगेऱ्यांसाठी ती खरोखर पडते तेव्हा लेन्सपेक्षा प्रकाशाचीच कसोटी लागते. कंपनीचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही, कारण पुढचे बरेचसे या वर्गातल्या कोणत्याही लेन्सला लागू आहे.

१:१ म्हणजे सेन्सरवर पडणारी प्रतिमा मूळ वस्तूएवढीच मोठी. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ मिमी रुंद असल्याने तेवढ्याच लांबीचा कीटक संपूर्ण चौकट व्यापतो. आता राणी पाकोळीचे, म्हणजे २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉरमॉनचे उदाहरण घ्या. पंख पसरल्यावर ते १२ ते १५ सेंमी भरते. ते चौकटीत बसवायला साधारण १:६, म्हणजे वस्तूच्या सहाव्या हिश्शाएवढी प्रतिमा, पुरेसे होते आणि त्यासाठी पाऊण मीटरच्या आसपास थांबावे लागते. याउलट पूर्ण १:१ गाठायचे तर लेन्सचे तोंड विषयापासून १३-१४ सेंमीवर न्यावे लागते, हूड (तोंडावरची झडप) लावला तर आणखी जवळ. घाणेरीच्या फुलांवर भिरभिरणारे हळदीकुंकू फुलपाखरू इतक्या जवळ येऊ देईल, अशी अपेक्षा करणेच चूक आहे. गवतालगत उडणारे ग्रास ज्युवेल मात्र इवलेसे असल्याने तिथे ही लेन्स आपली किंमत वसूल करते.

चतुरांच्या बाबतीत अंतरापेक्षा त्यांच्या सवयी ओळखणे अधिक उपयोगाचे ठरते. टोकदार काडीवर बसणाऱ्या जाती भक्ष्यामागे झेपावून बहुधा त्याच काडीवर परततात. त्यामुळे चतुर उडाल्यावर त्याच्या मागे न धावता काडीवर फोकस ठरवून थांबावे. भर दुपारी काही चतुर शेपटीसारखे लांब पोट सूर्याच्या दिशेने सरळ उभे करतात, कारण त्यामुळे अंगावर पडणारे ऊन कमी होते. ही मुद्रा टिपण्यासाठी दुपार सोयीची, पण पंखांच्या जाळीचे बारकावे हवे असतील तर सकाळी लवकर, दव सुकण्याआधी जावे. पावसाळ्याच्या अखेरीस थव्याने घिरट्या घालणारा वॉन्डरिंग ग्लायडर हा चतुर दिवसा सहसा बसतच नाही. त्याच्यासाठी या लेन्सचा काहीही उपयोग नाही.

खरी अडचण स्पष्टतेच्या खोलीची. १:१ वर लेन्समधले प्रकाशाचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/११ इतके बारीक ठेवले तरी जेमतेम एक मिलिमीटरचाही थर पुरता स्पष्ट येत नाही. शिवाय इतक्या जवळून अ‍ॅपर्चर सांगितल्यापेक्षा सुमारे दोन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) बारीक असल्यासारखे वागते, म्हणजे एफ/११ प्रत्यक्षात एफ/२२ इतकाच प्रकाश देते आणि त्याहून बारीक केल्यास विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) चित्र मऊ पडू लागते. यावरचा उपाय सेटिंगमध्ये नाही, उभे राहण्यात आहे. पंख मिटलेले फुलपाखरू असेल तर सेन्सर पंखाच्या पातळीशी समांतर ठेवावा, चतुर असेल तर बाजूने टिपावा. समोरून टिपायचाच तर डोळे स्पष्ट आणि बाकी सारे धूसर, हे आधीच पत्करावे. ऑटोफोकस पुढे-मागे हेलकावत राहतो, म्हणून मी फोकसची कडी एका जागी ठेवून स्वतः किंचित पुढे-मागे झुकतो आणि डोळा स्पष्ट होताच शटर दाबतो. कंपन-रोधक यंत्रणेची जाहिरात बरीच होते, परंतु १:१ वर तिचा परिणाम लक्षणीय घटतो, आणि वाऱ्याने हलणाऱ्या पानाला तर ती थांबवू शकतच नाही.

या साऱ्याचा निकाल लागला तो बेशरमाच्या पानांवर. ओढ्याकाठी वाढणाऱ्या या झुडपावर कासव-भुंगेरा आढळतो. साधारण एक सेंटिमीटरचा हा जीव सोनेरी कवचाखाली पाय आखडून बसतो. कवचाची कड काचेसारखी पारदर्शक असते आणि तिच्यातून पानाच्या शिराही दिसतात. हा सोनेरी रंग कवचातल्या थरांवर आणि त्यांतल्या ओलाव्यावर अवलंबून असल्याने मेल्यानंतर तो मावळतो, म्हणूनच संग्रहातला नमुना पाहून त्याची कल्पना येत नाही. पण उघडा फ्लॅश मारला की या कवचावर सोन्याऐवजी एक पांढरा जळका ठिपका उमटतो. फ्लॅशच्या पुढे पांढऱ्या पॅकिंग फोमचा मोठा पडदा बांधून तो लेन्सच्या तोंडापर्यंत आणला, तेव्हा कुठे कवचाचा रंग, त्यावरचे खळगे आणि पारदर्शक कड एकाच चित्रात आली. कामचलाऊ फोमचा खर्च नगण्य. लेन्सच्या किमतीपुढे तो हिशेबातही धरू नये. चकचकीत भुंगेऱ्यांसाठी पडदा जितका मोठा आणि जितका जवळ, तितके बरे, एवढे ध्यानात ठेवावे. फ्लॅशची शक्ती कमी ठेवल्यास प्रकाशाचा झोत अत्यल्प काळ टिकतो आणि हाताची थरथरही झाकली जाते.

पावसाळ्यातली जपणूक हा या लेन्सचा कमकुवत भाग आहे. तिच्या सांध्यांना पाण्यापासून संरक्षण नाही, आणि वातानुकूलित गाडीतून ताम्हिणीच्या दमट हवेत बाहेर काढताच पुढची काच धुरकटते; पिशवीची चेन बंद ठेवून तिला पंधरा-वीस मिनिटे हवेशी जुळू द्यावे लागते. घरी ती हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवली आहे. हे टाळल्यास काचेवर बुरशी धरते, आणि जुनी लेन्स विकत घेताना सर्वांत आधी ही बुरशीच टॉर्चच्या उजेडात तपासावी. चित्र चांगले यावे म्हणून कीटकाला फ्रिजमध्ये गारठवण्याची एक रीत चालते. ती मला मान्य नाही, कारण गारठलेला जीव ताठ, अनैसर्गिक बसतो आणि जाणकाराला ते लगेच कळते.

केवळ फुलपाखरेच टिपायची असतील तर ७०-३०० मिमीच्या झूमला पंचवीसेक मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्समध्ये बसणारी पोकळ नळी) जोडून बहुतांश काम भागते, आणि अंतरही अधिक मिळते. भुंगेरे आणि टाचण्यांकडे (चतुरांच्या बारीक अंगाच्या भाऊबंदांकडे) ओढा असेल, तर मात्र १०० मिमीच घ्यावी, आणि डिफ्यूझरची, म्हणजे फ्लॅशपुढच्या पडद्याची, सोय त्याच दिवशी करावी.