ऑक्सफर्डची इतिहास-इंग्रजी जोडपदवी: दोन विषय, एकच निबंध
साहित्य आणि इतिहास यांतला एकही विषय सोडवत नसेल, तर ३ वर्षांचा हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा. खरी ताकद ट्युटोरियलमध्ये आहे. ८ आठवड्यांच्या सत्रात निबंधामागून निबंध लिहायचे आणि प्राध्यापकांसमोर बसून त्यातला प्रत्येक मुद्दा लढवायचा.

उदाहरणार्थ, खाणीतल्या बालमजुरांवरचा १८४२ चा सरकारी अहवाल आणि त्यातून सुचलेली एलिझाबेथ बॅरेट यांची १८४३ ची कविता ‘द क्राय ऑफ द चिल्ड्रन’. कविता नुसती पुरावा म्हणून वापरली, तर इंग्रजीचे प्राध्यापक विचारणार, लय कुठे गेली? नुसती लय पाहिली, तर इतिहासाचे विचारणार, अहवाल कुणी लिहिला, कुणासाठी? म्हणून अहवालातला एक उतारा कवितेइतकाच बारकाईने, शब्द न् शब्द वाचावा आणि मग दोन्ही शेजारी ठेवावेत. सुरुवातीला ‘पार्श्वभूमी’चा सुटा परिच्छेद मात्र चिकटवू नये, निबंध तिथेच दुभंगतो.

वाचनाचा भार प्रचंड आहे. जाडजूड कादंबऱ्या सुट्टीतच संपवाव्यात, कारण सत्र सुरू झालं की इतिहासाचं वाचनच सगळा वेळ खातं.