रोज थोडी हवा कमी: जुन्या हॅचबॅकच्या टायरवर आठ महिने

गाडी 2011 ची हॅचबॅक, 14 इंची स्टील रिम, 165/80 आर14 चे ट्यूबलेस टायर. रोजचा वापर सांगली-मिरज, आणि महिन्यातून दोनदा पेठ नाक्यावरून महामार्गाला लागून साताऱ्यापर्यंत. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत मागच्या डाव्या आणि पुढच्या उजव्या चाकाची हवा हळूहळू जायची. दोन्हींची कारणं वेगळी निघाली आणि दोन्ही ठिकाणी खिळा नव्हता. जुन्या गाडीत असंच जास्त होतं, तरी दुकानात गेल्यावर सगळे आधी खिळाच शोधतात.

सगळ्यात आधी घ्यायची वस्तू म्हणजे स्वतःचा प्रेशर गेज. पंपांवरची डिजिटल मशीन एकमेकांपेक्षा दोन-तीन पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) वेगळं दाखवतात, त्यामुळे आज एका पंपावर आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पंपावर मोजून काहीच कळत नाही. डायलचा साधा गेज पुरतो. तो अर्धा पीएसआय चुकत असला तरी दर वेळी तेवढाच चुकतो, आणि आपल्याला फरकच बघायचा असतो. मोजायचं सकाळी, गाडी हलवण्याआधी, चारही चाकं एकाच वेळी.

चारही चाकं मोजायची ती हवामानामुळे. दुपारी 35 अंशांत 30 पीएसआय भरलेली हवा जानेवारीत पहाटे 15 अंशांत 27 दाखवते, आणि तेव्हा कुठेही गळती नसते. उंचीनेही फरक पडतो. साताऱ्याहून महाबळेश्वरला चढलं की बाहेरच्या हवेचा दाब उतरतो, म्हणून तोच टायर जवळपास एक पीएसआय जास्त दाखवतो. चारही आकडे सारखे उतरले तर हवामान, एकच उतरला तर गळती. चांगल्या टायरचीही महिन्याला एक ते दोन पीएसआय हवा रबरातून निघून जाते, तेवढी धरूनच चालायचं. आपल्या गाडीत तीन चाकं आठवड्यानंतर 30 किंवा साडेएकोणतीसवर असायची आणि मागचं डावं 27 वर.

आठवड्याला तीन पीएसआय म्हणजे नेमकं किती, हा हिशोब एकदा करून बघावा. या मापाच्या टायरच्या पोटात साधारण 25 लिटर जागा असते. तीन पीएसआय उतरली म्हणजे बाहेरच्या दाबाने मोजलेली सुमारे पाच लिटर हवा गेली. आठवड्यावर भागलं तर मिनिटाला अर्धा मिलीलिटर! पंक्चरवाला टायर टबात फिरवतो आणि दहा सेकंदांत ‘काही नाही, व्हॉल्व्ह घट्ट केला’ म्हणतो, त्याला आळशी म्हणण्याआधी हा आकडा आठवावा. इतक्या हवेचे बुडबुडे त्या घाईत दिसत नाहीत, शिवाय पाण्यात टायर बुडताना कडेला अडकलेली हवाही बुडबुडेच सोडते. हळू गळतीला फेस आणि वेळ लागतो.

फेसासाठी अर्धा लिटर पाण्यात दोन मोठे चमचे भांडी घासायचं लिक्विड आणि थोडं ग्लिसरीन. ग्लिसरीनमुळे फेस लवकर सुकत नाही. स्प्रेच्या बाटलीत भरायचं, हलवायचं नाही, नाहीतर आधीच फेस होतो. चाक काढून आडवं ठेवायचं. (नट जॅक लावण्याआधी सैल करायचे, हँडब्रेक आणि गिअर टाकायचा, तिरपं समोर येणाऱ्या चाकाला दगड लावायचा.) तपासणीपुरती हवा 40 पर्यंत वाढवायची, पण बाजूच्या भिंतीवर छापलेल्या कमाल दाबाच्या आत राहूनच. मग व्हॉल्व्हचं तोंड, व्हॉल्व्हचं मूळ, दोन्ही बाजूंची रिम आणि रबर यांच्यामधली खाच आणि शेवटी पूर्ण ट्रेड (रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग) भिजवायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. मोठे फुगे येत नाहीत. साबुदाण्याहून बारीक पांढरे कण एका जागी गोळा होऊन हळूहळू वर येतात, दुधावरच्या फेसासारखे. ते दिसले की खडूने टायर आणि रिम दोन्हींवर खूण करायची.

पुढच्या उजव्या चाकाला फेस येतच नव्हता. नोंदी बघितल्यावर कळलं की हवा फक्त महामार्गावरच्या फेरीनंतर कमी होते, गाडी आठवडाभर शहरात फिरली तर नाही. गळती वेगावर अवलंबून असेल तर संशय व्हॉल्व्हवर. वेगात रबरी व्हॉल्व्हचा दांडा बाहेर ओढला जातो आणि मुळाशी भेग असेल तर तेवढ्यापुरती उघडते. दांडा अंगठ्याने चारही दिशांना वाकवून मुळाशी फेस मारला. तीन दिशांना काही नाही, रिमच्या मध्यापासून बाहेर, कडेकडे वाकवल्यावर लगेच कण उठले. भेगेचं कारण प्लास्टिकचं व्हीलकव्हर. त्याची खाच व्हॉल्व्हच्या समोर नीट बसवली नाही की कव्हरची कड दांड्याला घासत राहते. व्हीलकव्हर परत लावताना व्हॉल्व्हच्या भोवती बोट फिरवून मोकळं आहे का बघावं.

व्हॉल्व्ह बदलायला टायर एका बाजूने रिमवरून उतरवावा लागतो. साध्या गाडीच्या रिमला टीआर 413 चालतो, साडेअकरा मिलिमीटरच्या छिद्रासाठी. किंमत किरकोळ, खर्च उतरवण्या-चढवण्याचा, म्हणून टायर कशाहीसाठी उतरला की व्हॉल्व्ह नवा घालून घ्यावा. आतली पिन काढायचं छोटं अवजार मिळतं, ते डिकीत ठेवावं. पिन फक्त बोटाच्या जोराने घट्ट करून वर पाव फेरा. पक्कड लावून आवळली की तिचं रबरी वायसर कापलं जातं आणि नवी गळती सुरू होते. टोपणही हवंच, आत रबरी वायसर असलेलं. उसाच्या रस्त्यांवरची धूळ पिनेवर बसू देत नाही. बदलल्यापासून पाच महिन्यांत हे चाक बाकीच्यांच्या बरोबर चाललंय.

मागच्या डाव्या चाकाचं दुखणं जास्त खोल होतं, आणि आपल्या भागातल्या गाड्यांना ते बरंच भोवतं. टायरची बीड, म्हणजे आतली जाड कड, रिमच्या ज्या पट्ट्यावर बसते तिथे गंज. स्टीलच्या रिमचा रंग तिथे टायर उतरवता-चढवता खरवडला जातो, पाणी शिरतं, गंज फुगतो आणि बीड कणभर उचलली जाते. सांगलीत 2019 च्या आणि 2021 च्या पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या रिम आणि टायरमधल्या खाचेत गाळ बसला, तो ओला राहून आतून खात राहिला. जुनी गाडी घेताना चाकाची आतली बाजू बघावी. बाहेरची बाजू रंगवलेली असते, आतली कुणी रंगवत नाही. इथेही फेस आतल्या बाजूलाच आला, साधारण वीतभर लांबीत. चाक गाडीवर असताना बाहेरून कितीही फेस मारला असता तरी सापडलं नसतं.

पहिला प्रयत्न फसला. दुकानात टायर उतरवून गंज कपड्याने पुसला, वरून काळा बीड सीलर जाड लावला आणि चढवला. तीन आठवडे बरे गेले, चौथ्यात पुन्हा 28. सीलर सैल गंजावर बसला होता आणि गंजाची पापडी सुटली तशी तोही सुटला. त्यात सीलरचा दोष नाही, खाली धातू हवा.

दुसऱ्या वेळी नीट करून घेतलं. टायर पूर्ण उतरवला, बीडला चिकटलेल्या गंजाच्या पापड्या ओल्या फडक्याने काढल्या, बीडच्या कडेला मशीनच्या पट्टीचा काप नाही ना हे बोटाने तपासलं. रिमचा पट्टा वायर ब्रशने आणि मग 80 नंबरच्या पॉलिशपेपरने घासला, चकाकणारा धातू दिसेपर्यंत. ग्राइंडरची चकती लावू देऊ नये, खड्डे पडतात आणि बीड त्यांच्यावर बसत नाही. मग झिंक प्रायमरचा एकच पातळ हात, जाड हात पुन्हा पापडी होतो. पूर्ण दिवस वाळवला, तोपर्यंत स्टेपनीवर गाडी. दुसऱ्या दिवशी सीलरचा पातळ थर, बीडला टायर चढवायचा साबण. ग्रीस किंवा ऑइल मुळीच नाही, रबर फुगतं आणि ब्रेक लावल्यावर टायर रिमवर घसरतो. हवा भरताना दोन्ही बाजूंनी ‘ठप्प’ आवाज येतो, तोवर 40 च्या वर जायचं नाही. बसला नाही तर हवा काढून पुन्हा साबण. शेवटी टायरच्या भिंतीवरची रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का बघायचं. व्हॉल्व्हसमोर टायरवर खूण करून ठेवली होती तरी बॅलन्सिंग पुन्हा केलंच. तेव्हापासून चार महिने झाले, महिन्याला एक-दीड पीएसआय, म्हणजे बाकी तिघांइतकीच.

खिळ्याचं थोडक्यात. नोव्हेंबर ते मार्च उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या रस्त्यावर असतात, बैलांच्या पत्रीचे खिळे आणि तारांचे तुकडे मिळतातच. खिळा दिसला तर दुकानापर्यंत उपसू नका. रस्सी (बाहेरून छिद्रात खुपसायची रबरी दोरी) टाकून काम दहा मिनिटांत होतं, पण ती घालायचा टोच्या टायरच्या आतल्या पोलादी तारा कापतो आणि छिद्र आतून बंद होत नाही. पाणी तारांपर्यंत गेलं की तारांचे पट्टे गंजतात. घरी पोचण्यापुरती रस्सी ठीक. कायमचं काम म्हणजे टायर उतरवून आतून मशरूम, म्हणजे दांडी असलेलं छत्रीसारखं रबरी ठिगळ: आतला थर खरवडणे, रबराचं सिमेंट लावून चिकट होईपर्यंत तीन-चार मिनिटं सुकवणे, दांडी बाहेर ओढणे, रोलर फिरवणे. सिमेंट ओलं असताना चिकटवलेलं मशरूम उन्हाळ्यात सुटतं. छिद्र 6 मिलिमीटरपर्यंत आणि ट्रेडच्या मधल्या भागात असेल तरच. खांद्याला (ट्रेड आणि भिंत जुळते तिथे) किंवा भिंतीला असेल तर टायर बदला.

द्रव सीलंटची बाटली या दोन्ही गळतींना निरुपयोगी होती. फिरताना ते ट्रेडच्या आतल्या बाजूला फेकलं जातं, बीड आणि व्हॉल्व्हपाशी टिकत नाही. वर ते बॅलन्स बिघडवतं आणि पुढच्या वेळी मशरूम लावायला आतलं सगळं धुवावं लागतं. नायट्रोजनचंही तेच, साध्या हवेत तो 78 टक्के असतोच, आणि छिद्रातून दोन्ही सारखेच जातात.

12 व्होल्टचा छोटा कंप्रेसर मात्र उपयोगाला आला. 24 वरून 30 ला तीन-चार मिनिटं लागतात, इंजिन चालू ठेवून. सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये. त्याची पितळी नळी तापते, व्हॉल्व्हवरून काढताना फडकं धरावं. गेजवर त्याच्या विश्वास नाही, भरून झालं की डायलने बघायचं.

टायर उतरला आहे तेव्हा भिंतीवरचा चार आकडी कोड वाचून घ्या. 2317 म्हणजे 2017 सालचा 23 वा आठवडा. सहा वर्षांच्या पुढच्या टायरच्या भिंतीला बारीक चिरा असतील तर रिमवर पैसे घालण्याआधी टायरचा निर्णय करावा.

रिमचे खड्डे नखाला खोल लागत असतील तर घासण्यात अर्थ नाही. जुन्या बाजारात रिम मिळते, पण चार नटांचं अंतर 100 मिलिमीटर जुळलं म्हणजे झालं असं नाही. मधलं भोक दुसऱ्या मॉडेलचं असेल तर रिम हबवर मधोमध बसत नाही, आणि ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते माप) वेगळा असेल तर चाक आत किंवा बाहेर सरकतं. घेण्याआधी हबवर चढवून चाक हाताने फिरवावं आणि कडेला पेन्सिल स्थिर धरून बघावं. कड पेन्सिलजवळ येऊन लांब जात असेल तर ती रिम वाकलेली आहे, तिथेच परत द्यावी. नवी बसवल्यावर नट तिरपे-समोरासमोर घट्ट करून 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पान्हा लावायचा.