काउचडीबीच वेब सर्व्हर: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या महिन्यात ऐन बिलिंगच्या वेळी, माझं दुकानांचं बिलिंग अॅप चालतं त्या व्हीपीएसची (भाड्याच्या आभासी सर्व्हरची) डिस्क भरली. होस्टिंगवाल्यांच्या सपोर्टचं एकच पालुपद, "सर, प्लॅन वाढवा." मोजक्या दुकानांच्या बिलांना एवढी जागा लागतेच कशी, म्हणून मी हट्टाने खोदत बसलो.

अॅपचा डेटा ठेवणारा काउचडीबी हा डेटाबेस ५९८४ पोर्टवर स्वतःच एचटीटीपी, म्हणजे ब्राउझरची भाषा, बोलतो. अॅपचं एचटीएमएल, जेएस डिझाइन डॉक्युमेंटला (डेटाबेसमधल्याच, कोड ठेवायच्या खास नोंदीला) अटॅचमेंट म्हणून चिकटवायचं आणि ब्राउझरमध्ये पत्ता टाकायचा. मध्ये नोड किंवा पीएचपीचा वेगळा सर्व्हर प्रोग्राम नाही, दुसऱ्या मशीनचं भाडं नाही. सुरुवातीला भेटेल त्याला हेच ऐकवत होतो. त्यात पाउचडीबी, ब्राउझरमध्येच चालणारा त्याचा जोडीदार डेटाबेस. नेट गेलं तरी काउंटरवरच्या मोबाइलवर बिल बनतं, नेट आलं की आपोआप सिंक. ते आजही तितकंच आवडतं.

डिस्क खाण्यात मोठा वाटा खरं तर पुरवठादारांच्या बिलांच्या फोटोंचा निघाला. पण माझं डोकं फिरवलं ते अॅपच्या फाइलींनी. काउचडीबी नवं ते फाइलच्या शेवटी लिहीत जातो, त्यामुळे अॅपची नवी आवृत्ती चढवली की जुनं जेएस कॉम्पॅक्शन (जुन्या आवृत्त्या गाळून फाइल लहान करणं) होईपर्यंत बिलांच्याच फाइलीत पडून राहतं. कॉम्पॅक्शन काउचडीबी ३.० पासून आपोआप होतं, पण जुनी फाइल तशीच ठेवून शेजारी नवी लिहीत. म्हणजे जागा करायलाही आधी जागा हवी! लॉग आणि जुने बॅकअप उडवून कशीबशी केली.

शिवाय वाचण्याचे हक्क डॉक्युमेंटनिहाय देता येत नाहीत, म्हणून दुकानागणिक वेगळा डेटाबेस. म्हणजे तेच अॅप प्रत्येकात पुन्हा. आणि पाउचडीबी डेटा ओढताना डिझाइन डॉक्युमेंटही अटॅचमेंटसकट ओढतो. एका दुकानदाराच्या मोबाइलमध्ये बिलांच्या डेटासोबत मीच दिलेला मराठी फॉन्ट सापडला, तेव्हा हसावं की रडावं कळेना. फिल्टर लावून हे टाळता येतं, पण मुळात ही वेळ का यावी?

त्या रागात ठरवलं होतं, डेटाबेसने वेबच्या भानगडीत पडूच नये. आता तसं म्हणवत नाही. जुनं बिल हिशेबनीसाशिवाय कोणी बदलायचं नाही, हा नियम व्हॅलिडेशन फंक्शनमधून (लिहिण्याआधी नोंद तपासणाऱ्या कोडमधून) डेटाबेसच्या आतच बसवलाय. अॅपला वळसा घालून कमांड लाइनवरून थेट कर्लने लिहायला गेलात तरी ४०३, म्हणजे 'मनाई', मिळतो. एवढा पक्का बंदोबस्त मला मधल्या पीएचपीत कधी जमला नसता. तेव्हा डेटा काउचडीबीने थेट द्यावा, अॅपच्या फाइली मात्र बाहेर.

त्या आता त्याच व्हीपीएसवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर देतो आणि डेटाच्या विनंत्या मागे ५९८४ कडे सरकवतो. डोमेन एकच, त्यामुळे कॉर्सची (एका डोमेनवरून दुसऱ्याकडे विनंती पाठवायच्या परवानगीची) कटकट नाही. प्लॅनही जुनाच, सपोर्टवाले बसू देत मेल पाठवत.

छापील बिल मात्र अजून शो फंक्शनच (नोंदीचं पान बनवणारा डेटाबेसमधला कोड) काढतं. शो आणि लिस्ट ही दोन्ही फंक्शनं ३.० मध्येच डेप्रिकेट झालीत, म्हणजे चालतात, पण पुढे काढली जाणार. काढून टाकेपर्यंत मी तरी त्याला हात लावत नाही.