जुन्या गेमपॅडचा बटन बॉक्स: वापरून पाहिला, आवडला

गाडी किंवा विमान चालवण्याच्या सिम्युलेटर गेमसाठी तयार बटन बॉक्स (जास्तीच्या बटनांचा डबा) न घेता जुन्या यूएसबी गेमपॅडचा बोर्ड प्लॅस्टिकच्या डब्यात बसवला. झकास चालतोय. कोड नाही, ड्रायव्हर नाही. केबल जोडली की विंडोज ओळखतं.

खरी कसोटी सोल्डरिंगची. बटनांखालचे काळे ठिपके कार्बनचे, त्यांवर सोल्डर धरतच नाही. तिथून निघणारी तांब्याची रेघ शोधायची, वरचं कोटिंग ब्लेडने हलकेच खरवडायचं, चकचकीत तांबं दिसलं की आधी त्यावर सोल्डर चढवायचं आणि मगच बारीक वायर लावायची. वर ग्लू गनचा थेंब हवाच, नाहीतर एका हिसक्यात रेघच उखडते. सगळ्या बटनांचा ग्राउंड (परतीची जोडणी) एकच आहे का, हे मल्टिमीटरने बघा. असला तर बऱ्याच वायरी वाचतात.

स्टिक काढल्यावर मोकळी अ‍ॅक्सिस (स्टिकची दिशा सांगणारा सिग्नल) भरकटते. पोटेन्शिओमीटरच्या (स्टिक हलवली की रोध बदलणाऱ्या भागाच्या) जागी १० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावले की मध्यावर गप्प बसते.

टॉगल स्विच दिसायला रुबाबदार, पण तो चालू असेपर्यंत गेमला बटन दाबलेलंच दिसतं. म्हणून इंजिन स्टार्टला मी साधं पुश बटन ठेवलं. दहा-बारा बटनांना हा डबा उत्तम. त्याहून जास्त हवी असतील तर सरळ आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) घ्या.