शॉप ॲक्टच्या कागदावर विकलेलं कासव

कुणी तुम्हाला ‘स्टार कासव आहे, पेपरसकट देतो’ म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी एवढं वाचा. माझे साडेचौदा हजार रुपये गेले. पण लिहायला बसले ते पैशांसाठी नाही. माझ्या भित्रेपणामुळे एक मुका जीव तीन आठवडे विनाकारण हाल सोसत राहिला, त्यासाठी लिहिते आहे.

2023 च्या दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. मुलाला कुत्रा हवा होता, आमच्या फ्लॅटमध्ये ते जमण्यासारखं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, कासव आणा, महादेवाच्या देवळात नंदीपाशी कासव असतंच की, घरात शुभ असतं. म्हणून पुण्यातल्याच एका फिश टँकच्या दुकानात गेलो. दुकानात एकही कासव मांडलेलं नव्हतं. मालकाने कुठे राहता, कुणी पाठवलं, असं सगळं विचारून घेतलं आणि मग आतल्या खोलीतून बुटाचं खोकं आणलं. त्यात तळहाताएवढं काळं कासव होतं. पाठीवरच्या प्रत्येक खवल्यावर पिवळ्या रेषांची चांदणी. मुलाचा चेहरा पाहिला आणि मी घासाघीसही केली नाही.

एक प्रश्न मात्र विचारला होता, हे कायदेशीर आहे ना? तो म्हणाला, “मॅडम, हे रानातलं नाही, फार्ममध्ये ब्रीड केलेलं आहे. आपल्याकडे लायसन्स आहे.” भिंतीवरचा लॅमिनेट केलेला कागद दाखवला. वर राजमुद्रा, खाली नोंदणी क्रमांक. मी त्याचा फोटोही काढला. तो शॉप ॲक्टचा, म्हणजे नुसत्या दुकान नोंदणीचा कागद होता, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही असतो तोच. मी राजमुद्रा पाहिली आणि खालचं वाचलंच नाही.

कासवाचे 4,000 आणि ‘किट’चे 2,500. पैसे दुकानाच्या नावावर नाही, भलत्याच नावाच्या यूपीआयवर पाठवायला लावले आणि शेऱ्यात ‘फिश फूड’ लिहायला सांगितलं. तिथेच मला थांबायला हवं होतं.

किट म्हणजे काचेची टाकी, प्लास्टिकचं बेट, लाल बल्ब आणि हिरव्या गोळ्यांचा डबा. टाकीत चार बोटं पाणी ठेवा, सकाळ-संध्याकाळ गोळ्या घाला, अधूनमधून काकडी-टोमॅटो द्या, आणि हे एवढंच राहतं, वाढत नाही, असं त्याने सांगितलं. यातली एकही गोष्ट खरी नव्हती. आपण मराठीत पाण्यातल्यालाही कासव म्हणतो आणि जमिनीवरच्यालाही कासवच म्हणतो. त्यामुळे पाण्यातल्या कासवाचं सामान रानातल्या कासवाला खपवलं, ते आमच्या लक्षातच आलं नाही.

डिसेंबरात थंडी वाढली तसं ते खाईनासं झालं. नाकातून बुडबुडे, डोळे सुजलेले, मान वर ताणून तोंड उघडून श्वास घ्यायचं. मी दुकानदाराला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं, सर्दी आहे, पाणी कोमट करा.

दोन दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. “वनविभागातून बोलतोय. तुमच्याकडे शेड्यूल वनचा प्राणी आहे. फोटो आमच्याकडे आलेत.” शेड्यूल वन म्हणजे वन्यजीव कायद्याची पहिली अनुसूची. माझं नाव, सोसायटी, कासवाचा आकार, सगळं त्याला ठाऊक होतं. सात वर्षांपर्यंत कैद होते म्हणाला, आणि ते मात्र खरं आहे, म्हणूनच मी घाबरले. ‘फाइल बंद करायला’ त्याने 8,000 मागितले. मी दिले, आणि घरात कुणालाही सांगितलं नाही. आठवड्याने त्याने आणखी 15,000 मागितले. ते फोटो मी दुकानदाराखेरीज कुणालाच पाठवले नव्हते, हे तेव्हा कुठे डोक्यात आलं.

ही फसवणूक चालते ती अशी. आधी तुम्हाला न कळत गुन्ह्यात ओढायचं, मग त्याच गुन्ह्याची भीती घालायची. तुम्ही पोलिसांकडे जात नाही, डॉक्टरकडेही जात नाही. मीही गेले नाही. टाकीवर टॉवेल टाकून ठेवायचे, कामवाल्या ताईंना दिसू नये म्हणून.

शेवटी नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी कासव हातात घेतलं, उलटं करून पाय दाखवले. “ताई, बोटांमध्ये पडदे दिसतात का? हत्तीसारखे खांब आहेत. हे जमिनीवरचं कासव, याला पोहता येत नाही.” अंगठ्याने पाठ हलकेच दाबली, तर ती किंचित दबली, कवच मऊ पडलं होतं. त्यांनी सांगितलेलं ऐकताना मला दुकानदाराचा एकेक शब्द आठवत होता. हे माळरानावरचं, काटेरी झुडपांतलं जनावर. गवत, पाला, रानफुलं, निवडुंग असं चोथ्याचं आणि भरपूर कॅल्शियमचं खाणारं. गोळ्यांमध्ये पाण्यातल्या कासवांना लागणारी प्रथिनं असतात, ती याच्या पोटाला सोसत नाहीत. काकडीत पाण्याखेरीज फारसं काही नसतं. मी कौतुकाने द्यायचे त्या पालकातलं ऑक्झॅलेट उलट कॅल्शियम अडवून धरतं. आणि ऊन? मी टाकी रोज खिडकीत ठेवत होते, पण काचेतून उजेड येतो, हाडांना लागणारे अतिनील-बी किरण अडतात. लाल बल्बमध्ये ते नसतातच. अडीच महिने ते भर उजेडात उन्हावाचून राहिलं, आणि पुण्याच्या थंडीत रात्रभर ओल्यात बसून त्याला न्यूमोनिया झाला. ‘वाढत नाही’ म्हणाला होता, याची मादी फूटभरापर्यंत होऊ शकते.

‘फार्म’चंही खोटंच होतं. आपल्याकडे या कासवाची विक्री कुठल्याच लायसन्सवर होत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहेच, 1 एप्रिल 2023 पासून ते पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ आहे त्याच यादीत. आंतरराष्ट्रीय व्यापार 2019 मध्येच बंद झाला. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने भारतातल्या एकाच ठिकाणाहून वर्षाला किमान 55,000 स्टार कासवं पकडली जात असल्याचा अंदाज दिला होता. बुटाच्या खोक्यातलं आमचं कासव अशाच कुठल्या तरी पोत्यातून आलं असणार.

डॉक्टरांच्या दवाखान्यातूनच 1926 ला फोन लावला. ही महाराष्ट्र वनविभागाची खरी हेल्पलाइन. माणसं आली, पंचनामा झाला, माझा जबाब लिहून घेतला. चूक माझीही होती, मी ती सांगितली. आधीचा कॉल आमचा नव्हे, आम्ही फोनवर पैसे मागत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग 1930 वर सायबर तक्रार केली. 8,000 अजून मिळालेले नाहीत.

कासव वाचलं. पण पाठीचा बिघडलेला आकार आता सुधारणार नाही, आणि ते रानातही जाणार नाही. ही कासवं वायव्येकडे गुजरात-राजस्थानात आणि दक्षिणेत आंध्र, तमिळनाडू, कर्नाटकात सापडतात. आमचं कुठलं, कुणालाच सांगता आलं नाही. भलत्या प्रदेशात सोडलं तर तिथल्या कासवांना रोग लागायचा, वाण मिसळायचा धोका. म्हणून ते उपचार केंद्राच्या कुंपणातच आहे.

आत्ता तुमच्या घरात असं कासव पाण्यात बसलं असेल, तर ते बाहेर काढा, पुसून घ्या, भोकं पाडलेल्या कोरड्या खोक्यात जुन्या टॉवेलवर ठेवा. गोळ्या बंद करा. मुठा नदीत सोडू नका, बुडेल. तळजाईच्या टेकडीवरही सोडू नका. दुकानदाराला फोटो पाठवू नका. त्याचा कागद, यूपीआयची पावती, चॅट, काहीही डिलीट करू नका, माझ्या जबाबाला तेच जोडलं गेलं. आणि 1926 लावा, आजच.